बालाघाटचे एक पत्र आणि आपले मौन

संपादकाच्या मेजावर रोज येणाऱ्या टपालात तक्रारी असतात, सूचना असतात, कविता असतात आणि अधूनमधून शिव्याशापही असतात. या साऱ्यांची आम्हांला सवय झालेली आहे. परंतु काही दिवसांपूर्वी मध्य प्रदेशातील बालाघाटचा शिक्का असलेले जे पाकीट आमच्या हाती पडले, त्यातील मजकुराची आम्हांला सवय नव्हती. पत्र चार पानी, अक्षर नेटके, आणि लिहिणारे गृहस्थ आपल्याच मुलखातले. डिचोली तालुक्यातील एका खाणीवर ते यंत्रदुरुस्तीचे काम करीत. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या आणि हजारो घरांप्रमाणे याही घरची चूल थंडावली, तेव्हा ओळखीच्या एका कंत्राटदाराच्या शब्दावर ते कुटुंब घेऊन बालाघाटच्या मँगनीजच्या पट्ट्यात गेले. तेव्हापासून ते तिकडेच आहेत. आमचे दैनिक ते आता मोबाइलवर वाचतात, परंतु हे पत्र मात्र त्यांनी हाताने लिहून टपालाने धाडले. कारण, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘मोबाइल घरात सगळेच हाताळतात.’

बालाघाट हे नाव आमच्या बहुतेक वाचकांना भूगोलाच्या पुस्तकापलीकडे ठाऊक नसेल. वैनगंगेच्या खोऱ्यातले, सातपुड्याच्या कुशीतले हे गाव. भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे या दोन धातूंनी या जिल्ह्याला देशाच्या नकाशावर ठळक केले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि त्यांच्या शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तथापि माणसांची भाषा सीमेचा दगड पाहून बदलत नसते. हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी अशा चार बोलींचा तेथे रोजचा मेळ आहे. गोंदिया हाकेच्या अंतरावर, आणि मोठे इस्पितळ, मोठे महाविद्यालय वा मोठे न्यायालय हवे झाले की पावले आपोआप नागपूर किंवा जबलपूरकडे वळतात.

आता पत्राकडे वळू. या गृहस्थांचा मुलगा बावीस वर्षांचा. शिकलेला, शांत, घरच्यांना जपणारा. मामाने एका स्थळाची गोष्ट काढली आणि त्या रात्री मुलाने आईजवळ तोंड उघडले. आपल्याला मुलींविषयी कधीच ओढ वाटलेली नाही, जी वाटते ती पुरुषांविषयी, आणि हे आपल्याला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे, असे त्याने सांगितले. आई रडली. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नातेवाइकांची बैठक बसली आणि दोन उपाय निघाले. एकाने सुचविले, लवकर लग्न लावून द्या, सारे सुरळीत होईल. दुसऱ्याने एका उपचारकाचा पत्ता दिला. त्याने औषधाच्या पुड्या दिल्या, पैसे घेतले आणि पुन्हा पंधरा दिवसांनी यावयास सांगितले. पुड्या संपल्या, पोरगा होता तसाच राहिला, फक्त बोलायचा बंद झाला. पत्राच्या शेवटी वडिलांनी एकच प्रश्न विचारला आहे: ‘माझ्या मुलाला काही झालेले नाही असे माझे मन मला सांगते, परंतु मी विचारू कोणाला? येथे विचारण्याची जागाच नाही.’

आम्हांला प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, हे पत्र आम्ही वाचून बाजूला ठेवले. एक आठवडा ते खणात पडून होते. या विषयावर आमच्या स्तंभांतून आजवर काय छापले गेले, याचा आम्ही शोध घेतला तेव्हा न्यायालयाच्या निकालांच्या बातम्या सापडल्या, परदेशातल्या मिरवणुकांची रंगीत छायाचित्रे सापडली, आणि एखाददुसरा विनोदही सापडला, ज्याची आज लाज वाटते. परंतु बालाघाटच्या किंवा डिचोलीच्या बापाला उपयोगी पडेल अशी एक ओळही सापडली नाही. म्हणून आजचा हा लेख. तो त्या गृहस्थांना उत्तर म्हणून आहे आणि आमच्या मौनाची कबुली म्हणूनही.

प्रथम हे पाहिले पाहिजे की त्यांनी नेमके काय मागितले आहे. त्यांनी कायदा विचारलेला नाही, तत्त्वज्ञान विचारलेले नाही. त्यांनी ‘जागा’ विचारली आहे. आपल्यासारखाच प्रसंग ज्यांच्यावर येऊन गेला, अशा चार माणसांत जाऊन बसता येईल आणि न लाजता बोलता येईल अशी जागा. आमच्या कोकणी-मराठी माणसाला ही मागणी अनोळखी वाटू नये. गेल्या शतकात आपल्या गावांतून पोटासाठी, शिक्षणासाठी वा औषधपाण्यासाठी मुंबईला गेलेल्या मुलांना त्या अफाट शहरात कोण विचारीत होते? म्हणून तर १९१९ साली मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन उभी राहिली. पुढल्या पिढ्यांना ती ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणणारी संस्था म्हणून माहीत झाली, पण तिचे मूळ परमुलखात आपल्या माणसाला आपले माणूस भेटावे या साध्या गरजेत होते. एकटेपणावर मनुष्याने शोधलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे मंडळ. प्रश्न इतकाच आहे की, ज्याचे एकटेपण त्याच्या स्वतःच्या घरातच सुरू होते, त्याचे मंडळ कोठे असावे?

या प्रश्नाला आपल्या लोकांनी दिलेले पहिले संघटित उत्तर भारतात नव्हे, तर परदेशात जन्मले. १९८५ साली अमेरिकेत दक्षिण आशियाई स्त्रियांचे एक छोटे वार्तापत्र निघाले. त्याचे नाव होते ‘अनामिका’. ज्यांच्या नात्याला आपल्या भाषेत नाव नव्हते, त्यांनी आपल्या पत्राला हे नाव द्यावे यात बरेच काही आले. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अरविंद कुमार आणि सुवीर दास या दोघा भारतीय तरुणांनी ‘त्रिकोण’ या संस्थेचा पाया घातला. दक्षिण आशियाई समलिंगी व्यक्तींची ती जगातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. पुढच्याच वर्षी कॅनडात टोरांटो येथे ‘खुश’, १९८८ साली लंडनमध्ये ‘शक्ती’ आणि १९९१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘साल्गा’ अशी ही साखळी वाढत गेली. यांच्यात हिंदू होते, मुसलमान होते, शीख होते, ख्रिस्ती होते. भारतीय होते तसे पाकिस्तानी, बांगलादेशी आणि श्रीलंकेचेही होते. मायदेशांत ज्यांच्या सरकारांचे आपसांत पटत नव्हते, त्यांची मुले एका खोलीत बसून एकमेकांना चहा देत होती.

तिकडे समलिंगी लोकांच्या संस्था आधीपासून होत्या. मग या निराळ्या चुली कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर या संस्थांच्या कामातच मिळते. गोऱ्या मंडळींच्या संस्थेत गेलेल्या आपल्या मुलाला सल्ला मिळे की, घरच्यांना सांगून टाक आणि नाही पटले तर घर सोड. ज्याच्या घरात आजी आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, आणि ज्याच्या शिक्षणासाठी बापाने जमीन गहाण टाकली आहे, त्याला हा सल्ला काय कामाचा? त्याला घर सोडावयाचे नव्हते. घरात राहून खरे बोलावयाचे होते. उलट भारतीयांच्या मंडळात गणपती होता, दिवाळी होती, पुरणपोळी होती. पण तेथे ‘यंदा कर्तव्य आहे का?’ हा एकच प्रश्न त्याची वाट पाहत असे. एकीकडे कातडीचा रंग आड येई, दुसरीकडे मनाचा कल. या दोन भिंतींच्या सांदीत जी माणसे उभी होती, त्यांनी आपल्यापुरते छप्पर घातले. महिन्यातून एक बैठक, एक दूरध्वनी, एक वार्तापत्र आणि सणाला एकत्र जेवण, एवढाच बहुधा त्यांचा पसारा असे. पण त्या एवढ्याशा पसाऱ्यानेही कित्येकांना आधार दिला असला पाहिजे.

हे छप्पर सुखासुखी उभे राहिले असेही नव्हे. न्यूयॉर्कमध्ये आपल्या स्वातंत्र्यदिनानिमित्त दरवर्षी भारतीयांची मोठी मिरवणूक निघते. १९९० च्या दशकात त्या मिरवणुकीत ‘साल्गा’ला सामील होण्यास संयोजकांनी वर्षानुवर्षे मज्जाव केला. ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला, त्या दिवसाच्या उत्सवात आपल्याच काही मुलांना रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागले. गोमंतकाच्या वाचकाला यातील वेदना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १९६१ पूर्वी येथे लग्नपत्रिका छापावयाची तरी ती सेन्सॉरच्या नजरेखालून जावी लागे, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्याला सांगितले आहे. बोलू न देणे म्हणजे काय, हे ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले, त्यांनी दुसऱ्याचे तोंड बंद करावे हे शोभणारे नाही.

भारतात हे काम १९९० साली मुंबईत दिसू लागले. पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना झाली. पुढे मुंबई महानगरपालिकेने सांताक्रूझच्या वाकोला भागातील आपल्या इमारतीत या संस्थेला जागा दिली. ज्या काळी भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ अशा व्यक्तींना गुन्हेगार मानीत होते, त्याच काळी एका महापालिकेने त्यांच्या संस्थेला छप्पर द्यावे, ही घटना आपण फारशी लक्षात ठेवलेली नाही. १९९५ साली मुंबईतच ‘स्त्री संगम’ हा समलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला. तोच पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. मराठी वाचकांच्या दृष्टीने त्यांचे दुसरे कार्य अधिक मोलाचे मानावे लागेल. हा विषय त्यांनी इंग्रजीच्या दिवाणखान्यातून मराठीच्या माजघरात आणला. ‘पार्टनर’ ही त्यांची कादंबरी आहे, ‘इंद्रधनु’ हे माहितीपर पुस्तक आहे, आणि ‘मनाचिये गुंती’ या पुस्तकात समलिंगी मुलामुलींच्या पालकांनी व आप्तांनी आपले अनुभव सांगितले आहेत. बालाघाटच्या आमच्या वाचकाने प्रथम काय वाचावे असे विचारले, तर आम्ही या शेवटच्या पुस्तकाकडे बोट दाखवू.

तथापि मराठीत या प्रश्नांना उत्तर देणारी पहिली जागा याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा धागा आपल्या किनाऱ्याशी जुळतो. दापोली तालुक्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्यात वाचक आपल्या मनातील चोरटे प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे, न ओरडता उत्तरे देत. अशाच काही उत्तरांवरून, ज्यांत समलिंगी आकर्षणाचाही विषय होता, १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. वाचक शंका विचारीत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण एका मासिकाचे प्रश्नोत्तरांचे पान हेही एकाकी माणसाचे आधारकेंद्र होऊ शकते, ही गोष्ट त्या खटल्याने सिद्ध केली. नव्वद वर्षांनंतर तोच प्रश्न एका बापाला चार पानांवर लिहून टपालाने पाठवावा लागतो, यावरून आपण किती वाट चाललो आहोत हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे सारे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, आपल्याकडे असे काही नव्हते, असा आक्षेप हमखास घेतला जातो. तो घेणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला शंका नाही, परंतु त्यांच्या माहितीविषयी आहे. समलिंगी संबंधांना शिक्षा देणारे कलम आपल्या कोणत्याही स्मृतिकाराने नव्हे, तर इंग्रजांनी लिहिले. मेकॉलेच्या मसुद्यातून तयार झालेला दंडविधानाचा कायदा १८६० साली मंजूर झाला. ज्या इंग्लंडने तो कायदा आपल्या माथी मारला, त्याने स्वतः १९६७ पासून आपल्याकडचा तो निर्बंध सैल करण्यास प्रारंभ केला, आणि आपण मात्र परक्याची काठी आपली परंपरा म्हणून आणखी अर्धशतक वागवीत राहिलो. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती काठी मोडली, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जोडली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे खाजगी संबंध हा गुन्हा नव्हे. जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता अमलात आली, तिच्यात ते जुने कलम उरलेलेही नाही.

दुसरा आक्षेप आजाराचा. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तेच केले. जो आजारच नाही त्याला औषध कसले? २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने अशा ‘उपचारां’विरुद्ध कठोर भूमिका घेतली, आणि पुढल्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे म्हणजे डॉक्टरने केलेले व्यावसायिक गैरवर्तन होय, असे जाहीर केले. तेव्हा पुड्या विकणाऱ्याकडे पंधरा दिवसांनी परत जाण्याचे काहीच कारण नाही. मुलाने बोलणे बंद केले आहे, ही मात्र खरी काळजीची गोष्ट आहे. आकर्षणावर उपचार लागत नाहीत. दडपणाने, भीतीने आणि अपमानाने जे मन खचते, त्याला मात्र जाणत्या माणसाची मदत लागते. सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे, आणि ती जेवढी पणजीसाठी आहे तेवढीच बालाघाटसाठीही आहे.

तिसरा उपाय लग्नाचा. या उपायाविषयी आम्ही थोडे कठोर लिहिणार आहोत. मुलगा ‘सुधारावा’ म्हणून त्याचे लग्न लावणे म्हणजे एका आजार नसलेल्या माणसासाठी दुसऱ्या एका निरपराध जिवाचे औषध करणे होय. ती मुलगी कोणाची तरी लेक असते. हळद लावून, मंगळसूत्र बांधून, सासरी आणून तिला आयुष्यभर एका बंद दारापुढे उभे करावयाचे, आणि तिने का विचारले की तिच्यातच खोट काढावयाची, याला संस्कार म्हणत नाहीत. आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत असे संसार झाले असतील. त्यांतील दुःख कोणी मोजले नाही, कारण ते बायकांचे दुःख होते. जो बाप आपल्या मुलावर अन्याय होऊ नये म्हणून तळमळतो, त्याने दुसऱ्याच्या मुलीवर तो करू नये, एवढीच आमची विनंती आहे.

आणि मुलींचे काय? मुलग्याला निदान घराबाहेर पडता येते, परगावी नोकरी करता येते. दोन मुलींनी एकमेकींसोबत राहावयाचे ठरविले तर घर, जात, गाव आणि पोलीस असे चारही दरवाजे त्यांच्यावर एकाच वेळी बंद होतात. याचे उदाहरण मध्य प्रदेशातीलच आहे. १९८७ साली त्या राज्याच्या पोलीस दलातील दोन स्त्री शिपायांनी आपसांत विवाह केला. बातमी फुटली आणि दोघींना नोकरीस मुकावे लागले. त्याआधी काही वर्षे, १९८१ साली, विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात अशाच एका मुलीची घुसमट मराठी रंगभूमीवर आणली होती. नाटक आपण पाहिले, वाखाणले वा नाकारले, आणि घरी आलो. त्या मुलीने घरी कोठे जावे, हा प्रश्न नाट्यगृहातच राहिला. संस्थांच्या जगातही ही विषमता उतरली आहे. १९९० नंतर एड्सच्या प्रतिबंधासाठी सरकारी व परदेशी निधी येऊ लागला आणि त्या आधारावर पुरुषांसाठी काम करणाऱ्या संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचल्या. स्त्रियांचे गट त्या निधीच्या हिशेबात बसत नव्हते, म्हणून ते पदरमोड करून चालत राहिले आणि बहुधा मोठ्या शहरांपुरतेच राहिले. रोगाच्या भीतीने उघडलेली तिजोरी एकाकीपणासाठी उघडत नाही, हे त्यातले कटू सत्य आहे.

निकालाने सारे संपले असे मात्र कोणी समजू नये. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय विधिमंडळाचा ठरविला. त्या सुनावणीच्या काळात, २०२३ च्या एप्रिलमध्ये, ‘स्वीकार’ या पालकांच्या संस्थेच्या चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. आपल्या डोळ्यांदेखत आपल्या मुलांच्या नात्याला कायद्याची मान्यता मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. २०१७ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. कारण तीत बोलणारे स्वतः आईबाप आहेत. आमच्या राज्यापुरते बोलावयाचे तर कोलवाळचे पद्मश्री वेंडेल रॉड्रिक्स यांनी २००२ साली आपल्या जोडीदाराशी फ्रेंच कायद्यानुसार करार केला. २०२० साली त्यांचे निधन झाले तेव्हा अवघ्या गोव्याने त्यांना आपला माणूस म्हणून निरोप दिला. परंतु जे यशस्वी आणि विख्यात माणसाला आपण देतो, ते खाणीवरच्या फिटरच्या मुलाला देतो काय, ही खरी कसोटी आहे. २०२४ च्या उत्तरार्धात केंद्र सरकारने एवढे स्पष्ट केले आहे की, अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आडकाठी नाही आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरातले मानावे. पाऊल लहान आहे; पण खाते आणि शिधापत्रिका हे संसाराचे दोन खांब आहेत, हे कोणती गृहिणी नाकारील?

मग बालाघाटच्या गृहस्थांना आमचे उत्तर काय? आम्ही त्यांना जे लिहिले त्याचा सारांश असा: मुलाच्या लग्नाची बोलणी आजच थांबवा, आणि थांबविल्याचे त्याला स्वतः सांगा. पुड्या बंद करा. नातेवाइकांची बैठक पुन्हा भरवू नका. मुलाचे गुपित ही त्याची मालमत्ता आहे, कोणाला सांगावयाचे ते तो ठरवील. मोबाइलवर ओळख वाढवून, एकांतात बोलावून, मग बदनामीच्या धाकाने पैसे उकळणाऱ्या टोळ्या लहान गावांतूनही फिरतात. असे काही घडले तर मुलाने प्रथम बापाकडे धाव घ्यावी, इतका विश्वास त्याला वाटला पाहिजे, आणि खंडणी मागणे हा गुन्हा असल्यामुळे पोलिसांकडे जाण्यास संकोच करू नये. नागपूर तुम्हांला परके नाही. तेथे ‘सारथी ट्रस्ट’ ही संस्था याच क्षेत्रात कार्य करते आणि २०१६ साली त्या शहरात अशा व्यक्तींची पहिली अभिमान यात्रा निघाली. मुलाला एकट्याला पाठवू नका, बरोबर जा. गाडीत काही बोलला नाही तरी चालेल.

शेवटची गोष्ट आमच्या येथील वाचकांसाठी. बालाघाटमध्ये विचारण्याची जागा नाही म्हणून आपण हळहळतो. पण पेडण्यात आहे काय? काणकोणात आहे काय? सावंतवाडीत, मालवणात आहे काय? आपल्या गावागावांत वाचनालये आहेत, भजनी मंडळे आहेत, शिक्षक-पालक सभा आहेत, देवस्थानांच्या समित्या आहेत. यांपैकी कोणी मिरवणूक काढावी असे आम्ही म्हणत नाही. वाचनालयाने चार मराठी पुस्तके फळीवर उघडपणे ठेवावीत. शाळेत ज्या मुलाला चालण्यावरून वा आवाजावरून नावे ठेवली जातात, त्याच्या पाठीशी गुरुजींनी उभे राहावे. डॉक्टरांनी ‘लग्न करा, ठीक होईल’ हे वाक्य आपल्या कोशातून काढून टाकावे. आणि आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी थट्टेची जागा माहितीला द्यावी. आमच्यापुरता तरी आम्ही हा निश्चय केला आहे. ज्यांना घरी बोलता येत नाही आणि शहरात जाता येत नाही, अशांनी आम्हांला लिहावे. नाव छापले जाणार नाही, आणि जे उत्तर आम्हांला ठाऊक नसेल ते जाणत्यांना विचारून कळविले जाईल. कर्व्यांच्या मासिकाइतके धैर्य आमच्यापाशी नसेल. पण त्यांच्यावर आलेला प्रसंग आज आमच्यावर येणार नाही, तेव्हा भिण्याचे निमित्तही आम्हांला उरलेले नाही.

बालाघाटहून दुसरे पत्र काल आले. ते चार ओळींचे आहे. मुलगा अजून फारसे बोलत नाही, असे वडिलांनी लिहिले आहे. परंतु परवा संध्याकाळी तो आपणहून त्यांच्याशेजारी ओट्यावर येऊन बसला, आणि पुढच्या रविवारी दोघे मिळून नागपूरला जाणार आहेत.